पंखा नको म्हटल्यावर: ॲपल टू आणि ॲपल थ्री यांच्या वीजपुरवठ्याचं प्रकरण

एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा घोंगावतो अशी तक्रार घेऊन कुणी दुकानात गेलं, की बहुतेक वेळा पंखा बदलून मिळतो. आठवडाभर बरं वाटतं. पण बेअरिंग खरोखरच गेलेलं नसेल, तर आवाज परत येतो. कारण पंखा किती जोरात फिरणार हे दोन गोष्टींवर ठरतं: डब्यात किती वॅट वाया जाऊन त्यांची उष्णता होते, आणि त्या उष्णतेला बाहेर पडायला वाट कोणती आहे. हा हिशेब समजून घ्यायला मला एक जुनं प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. एकाच कंपनीने तीन वर्षांच्या अंतराने दोन कॉम्प्युटर बाजारात आणले आणि दोन्हींना एकच अट होती: आत पंखा नको. 1977 च्या ॲपल टूने ती अट निभावून नेली. 1980 च्या ॲपल थ्रीला ती महागात पडली.

अट कुठून आली

ॲपलचं पहिलं यंत्र, ॲपल वन, 1976 मध्ये 666.66 डॉलरला विकलं जायचं ते नुसत्या जोडलेल्या सर्किट बोर्डाच्या रूपात. पेटी, कीबोर्ड आणि ट्रान्सफॉर्मर गिऱ्हाइकाने आपापले आणायचे. दोन जड ट्रान्सफॉर्मर टेबलावर, त्यांच्या तारा बोर्डावर, आणि बोर्डावरच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागाला) ॲल्युमिनियमचं मोठं हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा. ते चांगलंच तापायचं, पण बोर्ड उघडाच असल्यामुळे खोलीतली हवा त्याला लागत होती. सोल्डरिंगची हौस असलेल्या मंडळींना यात काही खटकत नव्हतं.

त्याच काळातल्या दुसऱ्या घराण्याची, म्हणजे 1975 च्या आल्टेअर 8800 ची आणि तिच्यामागून आलेल्या इम्साई 8080 ची, तऱ्हा निराळी होती. या यंत्रांमध्ये भला मोठा ट्रान्सफॉर्मर साधारण 8 व्होल्टचा अनियंत्रित पुरवठा सगळ्या कार्डांना वाटायचा आणि प्रत्येक कार्डावरचा छोटा रेग्युलेटर त्याचे 5 व्होल्ट करून घ्यायचा. वरचे 3 व्होल्ट जायचे कुठे? उष्णतेत. म्हणजे कार्डात शिरलेल्या दर 8 वॅटपैकी 3 वॅट एकही बेरीज-वजाबाकी न करता पेटीतली हवा तापवायचे. कार्ड दीड अँपिअर घेत असेल तर साडेचार वॅट. अशी दहा कार्डं लावली की 45 वॅट, आणि यात ट्रान्सफॉर्मर आणि डायोडमधला तोटा धरलेलाच नाही. अशा पेटीला मागे पंखा लागणारच. गॅरेजमध्ये ठेवलेल्या यंत्राच्या पंख्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

स्टीव्ह जॉब्जच्या डोळ्यांपुढे गॅरेज नव्हतं. पुढचं यंत्र घरात, टीव्हीला जोडून, जेवणाच्या नाहीतर अभ्यासाच्या टेबलावर चालायचं होतं. त्याला प्लास्टिकची नीटस पेटी हवी होती आणि आत पंखा मुळीच नको होता. पंख्याची घरघर लक्ष विचलित करते असं त्याचं ठाम मत होतं. लहरी वाटावी अशी ही अट होती. पण मला ती ॲपल टूच्या जमाखर्चातली सगळ्यात उपयोगी ओळ वाटते, कारण तिच्यामुळे वीजपुरवठ्याकडे कुणाला तरी गंभीरपणे बघावं लागलं. एरवी वीजपुरवठा हा कुणाच्याही आवडीचा विषय नसतो. ॲपलच्या यंत्रांची सर्किटं आखणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियॅकचा हात डिजिटल सर्किटवर बसलेला होता. अनेकांना वीस-पंचवीस चिप लागतील तिथे तो निम्म्यांत भागवायचा. वीजपुरवठा हे ॲनालॉग माणसाचं काम.

अटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीतल्या अल अल्कॉर्नने अशा एका माणसाचं नाव सुचवलं: रॉड होल्ट.

38 वॅटचा हिशेब

ॲपल टूचा वीजपुरवठा जास्तीत जास्त 38 वॅट देणारा होता. आजच्या मानाने ही वीज किरकोळ. एखाद्या लॅपटॉपचं चार्जरसुद्धा यापेक्षा जास्त देतं. पण तीच वीज जुन्या, म्हणजे लिनियर पद्धतीने द्यायची ठरवली तर काय होतं ते बघू.

लिनियर पुरवठ्यात आधी 50 किंवा 60 हर्ट्झवर चालणारा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज खाली आणतो, मग डायोड आणि कॅपॅसिटर, आणि शेवटी एक ट्रान्झिस्टर जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेऊन बाहेर हवं तेवढंच सोडतो. ॲक्सिलरेटर कायम दाबून धरायचा आणि गाडीचा वेग ब्रेकने ठरवायचा, तसं हे आहे. शिवाय घरातली वीज कधी खाली जाते, कधी वर. खाली गेलेली असतानाही 5 व्होल्ट पुरे पडावेत म्हणून आधीच जास्तीचं व्होल्टेज ठेवावं लागतं, आणि वीज वर गेली की तो सगळा जास्तीचा भाग उष्णतेत जातो. आपल्याकडे ज्या गावांत रात्री व्होल्टेज चढतं तिथे जुने लिनियर अडॅप्टर हात लावता येणार नाहीत इतके का तापायचे, त्याचं कारण हेच.

अशा पुरवठ्याची कार्यक्षमता 45 टक्के धरली तर 38 वॅट देण्यासाठी भिंतीतून सुमारे 84 वॅट घ्यावे लागतात. 46 वॅटची निव्वळ उष्णता. कामाला लागणाऱ्या विजेपेक्षा जास्त. आणि हे फक्त वीजपुरवठ्याचं झालं. जे 38 वॅट चिपना मिळतात त्यांचीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बंद प्लास्टिकच्या पेटीत 84 वॅटचा दिवा लावून झाकण घातल्यासारखी अवस्था. इथे पंखा नाकारणं शक्य नव्हतं.

तोच पुरवठा 78-80 टक्के कार्यक्षमतेचा झाला तर भिंतीतून 48 वॅट पुरतात आणि वीजपुरवठ्याचा स्वतःचा वाटा दहा वॅटवर येतो. 46 चे 10. पंख्याची अट पाळली गेली ती या वजाबाकीत. पेटीची रचना, फटी, हीटसिंक हे सगळं त्यानंतरचं.

होल्टने काय केलं

त्याने स्विचिंग पुरवठा बनवला. आज आपण सर्रास एसएमपीएस म्हणतो तो. भिंतीतली वीज ट्रान्सफॉर्मरकडे न नेता आधी थेट डायोडमधून घ्यायची आणि उच्च व्होल्टेजचा डीसी साठा करायचा. हा डीसी एका ट्रान्झिस्टरने सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा, ते तुकडे फेराइटच्या छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवायचे आणि तिथे पुन्हा डायोड-कॅपॅसिटरने सपाट करायचे. बाहेरचं व्होल्टेज घसरलं तर ट्रान्झिस्टर थोडा जास्त वेळ चालू ठेवायचा, वाढलं तर कमी वेळ. होल्टची मांडणी फ्लायबॅक प्रकारातली होती: ट्रान्झिस्टर चालू असताना ऊर्जा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रात साठते आणि तो बंद झाला की पलीकडे उतरते. 1978 च्या डिसेंबरात तिला अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक 4,130,862.

यात उष्णता कमी का होते याचं एक सोपं स्पष्टीकरण बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं: वीज सेकंदाला 60 वेळा न बदलता हजारो वेळा बदलते, त्यामुळे ती थोडाच वेळ साठवावी लागते, म्हणून उष्णता कमी. हे स्पष्टीकरण अर्धवट आहे. थोडा वेळ साठवावी लागते म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर लहान होतात, एवढंच त्यातून कळतं. उष्णता कमी होते ती दुसऱ्या कारणाने. ट्रान्झिस्टरमध्ये होणारी उष्णता म्हणजे त्याच्यावरचं व्होल्टेज गुणिले त्याच्यातून जाणारा प्रवाह. तो पूर्ण चालू असला की त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ उरत नाही. पूर्ण बंद असला की प्रवाह नाही. दोन्ही वेळी गुणाकार नगण्य. लिनियर पुरवठ्यातला ट्रान्झिस्टर मात्र कायम अर्धवट उघडा असतो. व्होल्टेजही आहे, प्रवाहही आहे.

तोटा उरतो तो चालूतून बंद आणि बंदमधून चालू होण्याच्या क्षणी. सेकंदाला जितक्या वेळा चालू-बंद, तितके हे क्षण जास्त. मग कमी वेळा करावं, असं कुणाला वाटेल. तिथे दुसरी अडचण उभी राहते. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा व वेटोळी प्रत्येक ठोक्याला किंचित हलतात. वारंवारता त्या खाली ठेवली तर वीजपुरवठा बारीक शिटी घालायला लागतो. पंखा काढून टाकल्यावर ती शिटी शांत खोलीत आणखीच बोचली असती. म्हणजे वारंवारता ऐकू न येण्याइतकी वर हवी, आणि ट्रान्झिस्टर त्या वेगाने, शेकडो व्होल्टवर, फारसा न तापता चालू-बंद होणारा हवा.

असे ट्रान्झिस्टर स्वस्तात मिळायला लागले ते सत्तरच्या दशकात. त्यामुळे होल्टने वीजपुरवठ्यात क्रांती केली आणि बाकीच्या सगळ्या कंपन्यांनी ती उचलली, हा जॉब्जचा दावा मला पटत नाही. डीईसी कंपनीच्या पीडीपी-11 मालिकेतल्या मिनीकॉम्प्युटरमध्ये, टेक्ट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपमध्ये स्विचिंग पुरवठे आधीपासून होते. रॉबर्ट बॉशर्टची कंपनी प्रिंटरपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना ते पुरवत होती. त्यांच्या नियंत्रणाची चिप, सिलिकॉन जनरलची एसजी1524, ॲपल टूच्या सुमारासच बाजारात आली होती. होल्टने ती वापरलीच नाही, सुटे भाग जोडून काम भागवलं. पुढे बहुतेकांनी जी वाट धरली ती चिपची होती, होल्टची नव्हे. पण ज्या काळात घरगुती यंत्रांना लोखंडी ट्रान्सफॉर्मर बसवले जात होते, त्या काळात बाराशे-तेराशे डॉलरच्या यंत्रात हा पुरवठा बसवून दाखवणं हे होल्टचं काम आहेच, आणि ते त्याच्या नावावर राहायला हवं.

ॲपल टू एप्रिल 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पहिल्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये मांडला गेला. आत पंखा नव्हता. पेटीला फटी होत्या; गार हवा शिरायची, गरम हवा आपोआप निघून जायची. पडदा बाहेर, टीव्हीच्या रूपात. फ्लॉपी ड्राइव्ह 1978 मध्ये आली तीही बाहेर, स्वतःच्या डब्यात. 1 मेगाहर्ट्झचा 6502 प्रोसेसर आणि वॉझ्नियॅकची काटकसरी मांडणी यामुळे आतली गरजही बेताची. ॲपल टूच्या यशात वीजपुरवठ्याचं नाव सगळे घेतात. मला वाटतं, कमी चिप वापरून वॉझ्नियॅकने वाचवलेले वॅटही तितकेच मोजायला हवेत. जो वॅट खर्चच होत नाही त्याला बाहेर काढावं लागत नाही.

आठ खाचा

ॲपल टूमध्ये कार्डं लावायला आठ खाचा होत्या. वॉझ्नियॅकने त्या हट्टाने ठेवल्या होत्या. जॉब्जला दोनच पुरेशा वाटत होत्या. लोकांनी खाचा भरल्या. फ्लॉपीचं कार्ड, जास्तीची मेमरी, 80 कॉलमचं कार्ड, 1980 पासून मायक्रोसॉफ्टचं झेड80 सॉफ्टकार्ड. प्रत्येक कार्ड वीजपुरवठ्यावरचा भार वाढवायचं आणि शिवाय खालून येणाऱ्या हवेच्या वाटेत आडवंही उभं राहायचं. उष्णता वाढली आणि वाट अरुंद झाली.

मग केन्सिंग्टन कंपनीचा सिस्टिम सेव्हर नावाचा डबा आला. ॲपल टूच्या डाव्या अंगाला, नेमका जिथे आत वीजपुरवठा असतो तिथे तो अडकवायचा. त्यात पंखा होता, समोर चालू-बंद करायचं बटण होतं, मागे मॉनिटरसाठी सॉकेट होती. तो खूप खपला. कंपनीने नाकारलेला पंखा गिऱ्हाइकांनी पदरचे पैसे टाकून बसवला. याला मी अपयश म्हणणार नाही. मुळातल्या यंत्राला पंखा लागत नव्हता. ज्याने खाचा भरल्या त्याला लागला, आणि त्याने बाहेरून लावला. ज्याला नको त्याला आवाज नाही. उष्णतेचा बोजा ज्याचा त्याने उचलायचा, अशी ही वाटणी झाली, आणि पेटीला फटी होत्या म्हणूनच ती शक्य झाली. ॲपल थ्रीमध्ये ही सोय उरली नाही.

ॲपल थ्री: अट तीच, हिशेब वेगळा

ॲपल थ्री मे 1980 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला नॅशनल कॉम्प्युटर कॉन्फरन्समध्ये जाहीर झाला. हे यंत्र कार्यालयांसाठी होतं. किंमत 4,340 डॉलरपासून पुढे. वेंडेल सँडरने त्याचं हार्डवेअर उभं केलं. ॲपल टूमध्ये जे बाहेर होतं ते इथे आत आलं: फ्लॉपी ड्राइव्ह पेटीतच. मेमरी 128 किलोबाइटपर्यंत. प्रोसेसर दुप्पट वेगाचा. वरून पेटीचा आकार आधी ठरला आणि मग त्यात बोर्ड बसवायला सांगितलं गेलं.

अट मात्र तीच राहिली, उलट आणखी कडक झाली. पंखा नाही, आणि या वेळी फटीही नाहीत. फटी नसण्यामागे एक सरकारी कारणही होतं. कॉम्प्युटरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरींमुळे शेजारच्या टीव्हीवर मुंग्या येतात, म्हणून अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेने त्याच सुमारास नियम कडक केले होते. ॲपल थ्रीला म्हणून ओतीव ॲल्युमिनियमचं जाडजूड चॅसी दिलं गेलं. लहरी अडवेल आणि उष्णता शोषून बाहेरही देईल, अशी त्याच्याकडून दुहेरी अपेक्षा होती.

इथे एक गल्लत होते आणि ती आजही होते, हीटसिंक मोठं केलं की झालं असं वाटतं. ॲल्युमिनियम उष्णता झटकन पसरवतं, हे खरं. पण पसरवणं म्हणजे घालवणं नव्हे. धातूच्या पृष्ठभागावरून हवेकडे उष्णता जाण्याचा वेग हा खरा अडसर आहे. पंखा नसताना, प्रारण धरून, ढोबळ हिशेब असा की दर चौरस मीटरमागे, दर अंश सेल्सियसच्या फरकामागे सुमारे 10 वॅट निघतात. पाव चौरस मीटर उघडा पृष्ठभाग असेल आणि 50 वॅट घालवायचे असतील, तर तो पृष्ठभाग खोलीपेक्षा 20 अंशांनी गरम झालाच पाहिजे. आतली हवा त्याहून गरम, आणि चिप त्या हवेहून गरम. धातू दुप्पट जाड केला तरी या आकड्यात फरक पडत नाही. क्षेत्रफळ वाढलं किंवा हवा हलली तरच पडतो.

सुरुवातीची यंत्रं धडाधड बिघडायला लागली. स्पष्टीकरण असं दिलं गेलं: चिप खोबणीत नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. यंत्र तापलं की सगळं प्रसरण पावतं, बंद केलं की आकसतं. या रोजच्या ये-जामुळे चिप केसाकेसाने खोबणीतून वर सरकते आणि एक दिवस संपर्क तुटतो. त्यावर खुद्द कंपनीकडून सांगितला गेलेला उपाय आता दंतकथेसारखा झाला आहे: यंत्र सुमारे तीन इंच उचला आणि सोडून द्या. आपटल्यावर चिप परत खाली बसायच्या. कंपनीने सुरुवातीची सुमारे 14,000 यंत्रं फुकट बदलून दिली, 1981 च्या अखेरीला सुधारून पुन्हा बाजारात आणली, आणि 1984 मध्ये ॲपल थ्री बंद झाला. ॲपल टूच्या कुळातला ॲपल टू-ई त्यानंतरही 1993 पर्यंत विकला जात होता.

पण सगळा दोष उष्णतेचा, असं म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही. पेटीचा रचनाकार जेरी मॅनॉक याने तो आरोप कधीच मान्य केला नाही. पेटी उष्णता पुरेशी बाहेर टाकते हे चाचण्यांत दिसलं होतं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मते दोष बोर्डाचा होता: तांब्याच्या रेषा फार बारीक आणि फार जवळ, सोल्डर करताना शेजारच्या रेषा एकमेकींना चिकटायच्या. घड्याळाची चिप तर वेगळ्याच कारणाने बंद पडायची आणि शेवटी ती यंत्रातून काढून टाकावी लागली.

मला दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या वाटतात. कच्चे सांधे, सैल खोबण्या, चिकटलेल्या रेषा हे दोष थंड यंत्रात काही काळ झाकलेले राहतात. रोज तापून गार होणाऱ्या यंत्रात ते लवकर उघडे पडतात. पंख्याने बोर्ड सुधारला नसता. पण यंत्र दुकानातून घरी नेल्यावर आठवड्यात बंद पडतं की वर्षाने, यात फरक पडला असता. कार्यालयासाठी चार हजार डॉलर मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला पंख्याची घरघर खटकली असती का, हा प्रश्न कुणी विचारला होता असं दिसत नाही. त्या काळातल्या कार्यालयात टाइपरायटर खडखडत होते.

बाकीच्यांनी काय केलं

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमने पीसी आणला. 63.5 वॅटचा स्विचिंग पुरवठा, आणि त्याच डब्यात पंखा. तो पंखा वीजपुरवठ्याबरोबर अख्ख्या पेटीतली हवाही ओढून बाहेर टाकायचा. आवाज होता, कुणी त्याची जाहिरात केली नाही आणि कुणी तक्रारीचा बाऊही केला नाही. आयबीएमच्या पुढच्या एक्सटी या मॉडेलला 130 वॅट, एटीला 192 वॅट लागले. पंखा होताच, म्हणून ते पचले. एसएमपीएसमध्ये पंखा असतो ही आपली समजूत तिथून रुजली. 1995 च्या इंटेलच्या एटीएक्स मांडणीत आधी या पंख्याने हवा आत, प्रोसेसरवर फुंकावी असं सुचवलं होतं. वीजपुरवठ्यात तापलेली हवा प्रोसेसरला देण्यात अर्थ नाही हे लक्षात आल्यावर दिशा उलटली.

ॲपलने 1984 च्या मॅकिंटॉशलाही पंखा दिला नाही. त्यात वीजपुरवठा आणि पडद्याचं उच्च व्होल्टेजचं सर्किट एकाच उभ्या बोर्डावर होतं आणि नेमका तोच बोर्ड उष्णतेने थकायचा. लोकांनी वर ठेवायचे पंखे विकत घेतले. पुठ्ठ्याची चिमणीही मिळायची, ती वर लावली की गरम हवेचा उंच स्तंभ तयार होऊन खालून ओढ वाढते. बिनआवाजाचा आणि बिनविजेचा हा उपाय दिसायला ओंगळ होता, पण भौतिकशास्त्राला धरून होता. जॉब्ज 1985 मध्ये कंपनीतून बाहेर पडला. 1987 च्या मॅकिंटॉश एसईत पंखा होता. त्यातल्या पहिल्या पंख्याच्या आवाजाने लोक इतके वैतागले की पुढच्या यंत्रांत तो बदलावा लागला.

हाच हिशेब आजच्या एसएमपीएसला

आज कॅबिनेटमधला एसएमपीएस दहापट मोठा असतो, पण वजाबाकी तीच. गेम चालू असताना यंत्र 300 वॅट घेतंय असं धरा. एसएमपीएस 80 टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून 375 वॅट जातात, 75 वॅट डब्यात उरतात. 90 टक्क्यांचा असेल तर 333, आणि उरतात 33. बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा 10 अंशच गरम असावी असं ठरवलं, तर पहिल्याला मिनिटाला सुमारे 13 घनफूट हवा लागते, दुसऱ्याला 6. हवा निम्म्याहून कमी, म्हणजे पंख्याचा वेगही निम्म्याहून कमी. पंख्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो: वेग निम्मा झाला की आवाज 15 डेसिबलने उतरतो. आपल्या उदाहरणात फरक 17-18 डेसिबलचा पडतो. 10 डेसिबल उतरले की कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो. 2004 पासून एसएमपीएसच्या कार्यक्षमतेचे 80 प्लस नावाचे शिक्के आले तेव्हा त्यांचं समर्थन वीजबिलाने केलं गेलं; घरात यंत्र वापरणाऱ्याला त्यांचा लाभ आधी कानाला होतो. आपल्या 230 व्होल्टवर तोच एसएमपीएस अमेरिकेतल्या 115 व्होल्टपेक्षा एक-दोन टक्के जास्त कार्यक्षम चालतो, हा आपल्याला फुकटचा लाभ.

तोटा आहे तो हवामानाचा. पुनरावलोकनांमध्ये मोजलेले आवाज बहुधा 25 अंशांच्या आसपासच्या खोलीतले असतात. चंद्रपूरला मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, 42 अंश काही विशेष नाही. आतला एखादा भाग 70 अंशांच्या पुढे जाऊ द्यायचा नसेल, तर 25 च्या खोलीत आपल्या हाताशी 45 अंशांची फट आहे, 42 च्या खोलीत 28 ची. तेवढीच उष्णता घालवायला हवा 1.6 पट लागते. आवाज सुमारे 10 डेसिबलने वर, म्हणजे कानाला दुप्पट. पुण्यात डिसेंबरात घेतलेला 'सायलेंट' एसएमपीएस विदर्भात मे महिन्यात बोंबलतो तेव्हा तो बिघडलेला नसतो. आतला थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा भाग, आपलं काम करत असतो.

म्हणून पंखा जबरदस्तीने मंद करण्याचे उपाय, म्हणजे तारेत रेझिस्टर घालणं किंवा 12 व्होल्टचा पंखा 7 व्होल्टवर चालवणं, मला एसएमपीएसच्या बाबतीत मान्य नाहीत. कॅबिनेटच्या पंख्याला हे चालतं. एसएमपीएसमध्ये इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात आणि दर 10 अंशांच्या वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वर तो डबा उघडल्यावर आत बंद केल्यानंतरही 300 व्होल्टच्या वरचा साठा बसलेला असू शकतो. करायचंच असेल तर आधी जाळीवरची धूळ काढावी, एसएमपीएस तळाला असेल तर खालून हवा येते आहे ना हे बघावं, आणि नवा घेताना 120 मिलिमीटरपेक्षा मोठा पंखा व 80 प्लसचा गोल्डच्या वरचा शिक्का बघावा. कमी भारावर पंखा थांबवणारी 'झिरो आरपीएम' सोय हल्ली बऱ्याच एसएमपीएसना असते आणि काहींना ती बंद करायचं बटण मागेच असतं. चंद्रपूरच्या खोलीत मार्च ते जून ती सोय बंदच ठेवावी: मंद, कायम फिरणारा पंखा कानाला कळत नाही, पण आतून तापल्यावर दर पाच मिनिटांनी दचकून सुरू होणारा नक्की कळतो.